पायडँटिक (डेटा तपासणारी पायथन लायब्ररी) मस्तच आहे, पण सेटिंग बदलूनच वापरा

पायथनच्या क्लासमध्ये टाइप हिंट (कुठल्या प्रकारची व्हॅल्यू हवी त्याची नोंद) लिहिली की चुकीची व्हॅल्यू आत शिरणारच नाही असं खूप जणांना वाटतं, पण हिंट पायथन स्वतः तपासतच नाही. डेटाक्लासमध्ये (डेटा ठेवायची पायथनची तयार सोय) क्वांटिटीला इंट (पूर्णांक) लिहा आणि स्ट्रिंग (मजकूर) द्या, तो निमूट ठेवून घेतो आणि एरर येते ती भलत्याच फाइलमध्ये, बेरीज करताना. मग बसा इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) इझइन्स्टन्सच्या, म्हणजे टाइप तपासायच्या, ओळी लिहीत, त्यातही ट्रू सुटतोच, कारण बूल (ट्रू-फॉल्सचा टाइप) हा इंटचाच सबक्लास.

पायडँटिकचं बेसमॉडेल, म्हणजे ज्याच्यावरून आपले क्लास बनवायचे तो क्लास, ही सगळी कटकट संपवतं. मला सगळ्यात आवडतात त्याच्या एरर. ऑर्डरमध्ये किंमत उणे नको असं लिहूनही ती उणे आली असेल आणि तिसऱ्या आयटमची क्वांटिटी 'अबक' असेल तर दोन्ही चुका एकदमच सांगतो आणि कुठे ते पण, आयटम्स, २, क्वांटिटी (मोजणी शून्यापासून), म्हणजे शोधाशोध नाहीच. २०२३ मध्ये व्हर्जन २ आलं, त्यात गाभा रस्ट या वेगवान भाषेत नव्याने लिहिलाय, स्पीड चांगलाच वाढला. जुन्या कोडला मात्र हात लावावा लागतो, व्हॅलिडेटरचं (आपली स्वतःची तपासणी लावायची सोय) नाव फील्ड व्हॅलिडेटर झालंय आणि इंट दिला तर स्ट्रिंग करून घेणं बंद झालंय, जे माझ्या मते बरंच झालं.

आता खटकणारी गोष्ट, डिफॉल्ट फारच सैल आहेत. ओळखीचं नसलेलं आर्ग्युमेंट तो गुपचूप टाकून देतो, म्हणजे डिस्काउंटचं स्पेलिंग चुकलं आणि त्या फील्डला डिफॉल्ट शून्य असेल तर एरर नाही काही नाही, ऑर्डर पूर्ण किमतीला जाते, आणि असा बग महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एक्स्ट्रा या सेटिंगला फॉर्बिड (मनाई) लावाच. दुसरं म्हणजे ऑब्जेक्ट बनल्यावर क्वांटिटीत उणे पाच टाकलं तरी चालतं, ते अडवायला व्हॅलिडेट असाइनमेंट हे सेटिंग ऑन करावं लागतं. अ‍ॅट्रस ही दुसरी लायब्ररी या बाबतीत उजवी आहे, तिचं डिफाइन वापरलं की नंतरच्या बदलावरही व्हॅलिडेटर चालतात, फक्त ते व्हॅलिडेटर आपणच लावायचे.

स्ट्रिक्ट मोड (टाइप आपोआप बदलून न घेणारं सेटिंग) सरसकट नको, यूआरएलमधून आकडे स्ट्रिंग म्हणूनच येतात, तिथे उगाच सगळं अडेल. एपीआय, कॉन्फिग, सीएसव्ही असा बाहेरचा डेटा असेल तर डोळे झाकून पायडँटिक घ्या, आणि आतल्या आत फिरणाऱ्या छोट्या क्लासना डेटाक्लास आणि मायपाय (कोड न चालवता टाइप तपासणारं टूल) भरपूर झालं.