गंगापूर रोडवरचा इटालियन ए-वन वर्ग: ‘काल संध्याकाळी काय केलं?’

ए-वन म्हणजे परदेशी भाषा शिकण्याची पहिली पातळी. अठ्ठेचाळीस तासांचा वर्ग, शनिवार-रविवार दोन-दोन तास, बॅच बाराची. नाशिकमधून शिकायला मिलान-तोरिनोकडे निघालेली मुलं, वाइनरीत काम करणारी दोन-चार मंडळी आणि हौसेने आलेले एखाद-दुसरे निवृत्त गृहस्थ, असा इथला नेहमीचा गोतावळा. अक्षरओळख, अंक, ‘माझं नाव अमुक’ हे सगळं कुठल्याही वर्गात सारखंच असतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. वर्गाचा कस लागतो तो पंधराव्या ते अठराव्या तासिकेत. ‘येरी सेरा’ म्हणजे ‘काल संध्याकाळी’ हा विषय इथे येतो आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदाच सलग पाच-सहा वाक्यं भूतकाळात बोलावी लागतात: कुठे गेलो, कोण भेटलं, काय खाल्लं, किती पैसे गेले, मजा आली का.

शिकवण्याची रीत चांगली आहे. आधी चिठ्ठ्या वाटतात: सिनेमाचं तिकीट, रेस्टॉरंटचं बिल, शेवटच्या बसचं वेळापत्रक. त्या ‘प्रीमा’, ‘पोई’, ‘दोपो चेना’ म्हणजे आधी, मग, जेवणानंतर अशा क्रमाने लावायच्या. मग जोडीदाराला फोन केल्याचं नाटक. शेवटी दोन मिनिटांचं निवेदन मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐकायचं. ही शेवटची पायरी सोन्यासारखी आहे, पण तिला तासिकेची जेमतेम वीस मिनिटं मिळतात. बारा जणांच्या बॅचमध्ये सात-आठ जणांचं झालं की घंटा.

खरी अडचण आहे ती नोट्सची. झेरॉक्सचा सगळा संच इंग्रजीतून बेतलेला आहे. ‘गेलो’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यावरून इटालियन वाक्य करायचं म्हटलं की ‘हॅव’ डोक्यात येतो आणि मुलं हमखास ‘ओ आन्दातो’ म्हणतात. बरोबर रूप ‘सोनो आन्दातो’, आणि बोलणारी बाई असेल तर ‘सोनो आन्दाता’. इटालियन भूतकाळात काही क्रियापदांना ‘आवेरे’ (इंग्रजी ‘हॅव’) हे सहायक लागतं, काहींना ‘एस्सेरे’ (इंग्रजी ‘बी’). ‘ओ’, ‘आ’ ही आवेरेची रूपं, ‘सोनो’, ‘ए’, ‘स्यामो’ ही एस्सेरेची. एस्सेरेवाल्यांचं रूप कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे डोंगराएवढं वाटतं. मराठी माणूस मात्र ‘तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या’ हे पाळण्यापासून म्हणत आलेला असतो: ‘ए आन्दातो, ए आन्दाता, सोनो आन्दाती, सोनो आन्दाते’. हा हातचा ठेवा वर्गात एकदाही वापरला जात नाही. त्याऐवजी घराचं एक चित्र देतात, दारातून आत जाणं, जिना चढणं, जन्मणं, मरणं, आणि तेरा-चौदा क्रियापदं पाठ करायला सांगतात.

त्यापेक्षा सोपी कसोटी मराठीतच आहे. वाक्य तृतीय पुरुषात म्हणून बघा (‘मी’ आणि ‘आम्ही’ला प्रत्यय दिसत नाही, म्हणून तृतीय पुरुष). ‘त्याने’ आलं तर बहुधा आवेरे: त्याने पाहिलं, ‘आ वीस्तो’, त्याने पैसे दिले, ‘आ पागातो’. नुसता ‘तो’ आला तर बहुधा एस्सेरे: तो आला, निघाला, पोचला, राहिला, परतला. दोन्ही बाजूंनी वापर असलेली क्रियापदंही या कसोटीला उतरतात. नाटक साडेनऊला सुरू झालं, ‘लो स्पेत्ताकोलो ए कोमिन्चातो’. पण त्याने जेवण सुरू केलं, ‘आ कोमिन्चातो’. ‘किती पडलं?’लासुद्धा ‘क्वान्तो ए कोस्तातो?’ असं एस्सेरेच.

फसतं कुठे ते मात्र आधीच सांगायला हवं, कारण फसणारी क्रियापदं नेमकी संध्याकाळच्या गप्पांतली आहेत. तो जेवला, प्याला, बोलला, हसला, नाचला, भेटला: मराठीत ‘तो’, इटालियनमध्ये सगळ्यांना आवेरे. ‘आ चेनातो, आ बेवूतो, आ पार्लातो, आ रीझो, आ बाल्लातो, आ इन्कोन्त्रातो’. उलट बाजूचं एकच लक्षात ठेवलं तरी भागतं: त्याने मजा केली, पण ‘सी ए दिवेर्तीतो’. आम्ही मजा केली, ‘ची स्यामो दिवेर्तीती’. स्वतःशी जोडलेल्या अशा सगळ्या क्रियापदांना एस्सेरे लागतं. एका पानावर मावणारी ही यादी वर्गाने द्यायला हवी होती.

मराठीची दुसरी सवय अडचणीत आणते. आपण ‘मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ असं कर्माप्रमाणे रूप बदलतो, म्हणून ‘ओ मान्जाता ला पीत्सा’ असं तोंडून जातं. आजच्या इटालियनमध्ये इथे ‘ओ मान्जातो’च. पण कर्माऐवजी ‘ती’ हे सर्वनाम आधी आलं, ‘लो मान्जाता’ म्हणजे ‘ती खाल्ली’, की रूप बदलतं. हा फरक बाईंनी दोन वाक्यं फळ्यावर शेजारीशेजारी लिहून फार सुरेख दाखवला. चारही तासिकांमधला तो सगळ्यात नेटका पाऊण तास.

आवडीनिवडीचं वाक्य मराठी विद्यार्थ्याला अक्षरशः फुकटात मिळतं. मला सिनेमा आवडला, भजी आवडली, लाडू आवडले: ‘मी ए प्याचूतो ईल फील्म, मी ए प्याचूता ला पीत्सा, मी सोनो प्याचूती ल्यी स्पागेत्ती’. आवडलेली गोष्ट कर्ता, ‘मला’ बाजूला. नोट्समध्ये यावर दोन पानं इंग्रजीत खर्ची पडली आहेत. मराठीत एक ओळ पुरली असती.

वेळ आणि जागा हा भाग मात्र उत्तम. ‘साबातो सेरा’ म्हणजे परवाच्या किंवा येत्या शनिवारी संध्याकाळी, पण ‘ईल साबातो सेरा’ म्हणजे दर शनिवारी. एका ‘ईल’ने अख्खी सवय सांगून होते. घड्याळातली संध्याकाळ ‘सेरा’, तर जगलेली, घालवलेली संध्याकाळ ‘सेराता’. म्हणून ‘के बेल्ला सेराता!’ सिनेमाला ‘आल चीनेमा’, नाटकाला ‘आ तेआत्रो’, पिझ्झाच्या ठिकाणी ‘इन पीत्सेरीआ’, रेस्टॉरंटला ‘आल रीस्तोरान्ते’, मित्राच्या घरी ‘दा’ आणि मित्राचं नाव. याला नियम शोधू नका, पाठ करा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं ते बरं झालं. आणि ‘आल बार’ गेलो म्हटल्यावर नाशिककरांच्या भुवया उंचावतात. तिकडे बार म्हणजे उभ्याने एस्प्रेसो पिण्याची जागा, सकाळी आजीसुद्धा जाते.

जेवणाच्या शब्दांत शाकाहाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट: ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची, मांसाचे काप नव्हेत. आणि नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर दुधाचा ग्लास येतो. बिलावर ‘कोपेर्तो’ दिसला तर तो माणशी बसण्याचा आकार, टिप नव्हे. ‘ऑफ्रो ईओ’ म्हणजे आज मी देतो. ‘आल्ला रोमाना’ म्हणजे सगळ्यांनी सारखी वर्गणी.

उच्चारांत मराठीचा फायदा दुहेरी आहे, आणि तोही वाया जातो. आपला त आणि द दातांवरचा, इटालियनलाही तोच हवा. इंग्रजी लिपीतून वाचणारी मुलं मात्र ‘अँडाटो’ म्हणतात. पिझ्झाच्या मूळ उच्चारातला त्स म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, तोही थोडा थांबवून. जोडाक्षराचं तर विचारूच नका. मिसळीचा ‘रस्सा’ म्हणताना जीभ स वर क्षणभर थांबते ना, तेवढंच थांबायचं. न थांबल्यास ‘आल्ले सेत्ते’, सात वाजता, याचं ‘आल्ले सेते’ होतं, आणि ‘सेते’ म्हणजे तहान. ‘पेन्ने’ पास्त्यात एकच न उच्चारला तर वेटर हसू दाबतो. कारण इथे न लिहिलेलंच बरं.

मोठी उणीव एकच, पण जाचते. गर्दी होती, उकडत होतं, सिनेमा कंटाळवाणा होता: हे सांगायला ‘चेरा, फाचेवा, एरा’ ही वेगळ्या भूतकाळाची तीन रूपं लागतात. ए-वनमध्ये तो काळ नाही म्हणून वर्ग ती देतच नाही, आणि मुलं ‘ए स्तातो मोल्ता जेन्ते’ असलं काहीतरी रचून गर्दीची वाट लावतात. पूर्ण काळ नको, ‘चेरा तान्ता जेन्ते’ (खूप गर्दी होती) अशी वाक्यंच तयार दिली तरी निवेदन जिवंत होतं. शिवाय सगळे नमुने रोमच्या त्रास्तेवेरेतले. कालिदास कलामंदिरात नाटक, मग कॉलेज रोडला पाणीपुरी, अकराला घरी, अशी आपली संध्याकाळ सांगायला दिली असती तर शब्द शोधताना मुलं अडली असती, आणि त्या अडण्यातूनच शिकली असती. नाटकाला ‘स्पेत्ताकोलो’ चालतं. पाणीपुरी मात्र पाणीपुरीच राहू द्यावी.

दाखला हवा असणाऱ्यांसाठी: सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची चील्स किंवा पेरुजाची चेली या इटालियन भाषेच्या परीक्षांची तयारी या वर्गात होत नाही. प्रमाणपत्र मिळतं ते वर्गाचं स्वतःचं. बोलण्यापुरतं यायचं असेल तर नाव घालायला हरकत नाही. फक्त नोट्सच्या समासात प्रत्येक वाक्याची मराठी पहिल्या दिवसापासून लिहायला लागा, आणि रेकॉर्डिंगच्या तासिकेला दहा मिनिटं आधी पोचून पहिला नंबर धरा.

खोली दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. खिडकीजवळची दोन बाकं टाळा. सहा वाजल्यानंतर गंगापूर रोडचे हॉर्न इतके वाजतात की ऑडिओतलं ‘सेते’ कोणतं आणि ‘सेत्ते’ कोणतं, कळत नाही.