लायका एम३, कॅनन पी की झोर्की-४?

जुना रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचा म्हटलं की चर्चा बॉडीपासून सुरू होते. माझ्या मते आधी लेन्स ठरवावी: तुम्हाला ५० मिमी रुचते की ३५ (मिमी कमी, तितकं दृश्य रुंद)? या कॅमेऱ्यांत लेन्समधून काही दिसत नाही. वेगळ्या खिडकीतून, म्हणजे फाइंडरातून, पाहायचं आणि फोटोत किती येईल हे दाखवणाऱ्या तिच्यातल्या चौकटीवर विसंबायचं. तुमच्या लेन्सची चौकटच नसेल तर रोज अडेल.

५० मिमी आवडणाऱ्यांसाठी १९५४ चा लायका एम३. दृश्य जवळजवळ मूळ आकाराचं, ५० ची चौकट कायम. ९० किंवा १३५ ची लेन्स चढवली की तिची चौकट आपोआप उमटते. रेंजफाइंडरचा पाया (फोकस जुळवणाऱ्या दोन खिडक्यांतलं अंतर) रुंद असल्याने ९० च्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं तरी फोकस नेमका बसतो. मात्र ३५ ची चौकट नाही. त्यासाठी फाइंडरपुढे येणारा चष्मा जोडलेली खास ३५ मिमी लेन्स किंवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा वेगळा फाइंडर लागतो. वर किंमत!

३५ हवी असेल तर कॅनन पी (१९५९). दृश्य अगदी मूळ आकाराचं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो, आणि रस्त्यावर हे सुख फार मोठं आहे. ३५, ५०, १०० या तिन्ही चौकटी एकदमच दिसतात, जरा गर्दी होते. चष्मेवाल्यांना ३५ च्या कडा गाठणं कठीण. त्यांनी कॅनन ७ पाहावा.

सोव्हिएत बनावटीची झोर्की-४ सगळ्यांत स्वस्त. तिची ज्युपिटर-८ लेन्स झाइस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सवरून बेतलेली, पोर्ट्रेटला सुरेख. पण फाइंडरात चौकटी नाहीत, आणि फिल्म पुढे सरकवून शटर चढवल्याशिवाय शटरचा वेग बदलला तर यंत्रणा बिघडू शकते.

लेन्सवर पैसे घालायचे तर ३९ मिमी स्क्रू माउंटमध्ये (आटे फिरवून बसवायच्या लेन्समध्ये) घाला. त्या कॅनन आणि झोर्कीवर थेट बसतात, अडॅप्टरने एम३ वरही. एम माउंटची, म्हणजे एम३ च्या स्वतःच्या जोडणीची लेन्स मात्र स्क्रू बॉडीवर चढत नाही. स्क्रू लेन्समध्ये एक अपवाद: ८५ मिमीची ज्युपिटर-९. सोव्हिएत मोजमाप किंचित वेगळं असल्याने कॅनन-लायकावर जवळचा फोकस हुकतो.

पहिलाच रेंजफाइंडर असेल तर मी कॅनन पी सुचवेन. तिचा शटरचा पडदा स्टीलचा आहे. सुरकुत्या असतील, त्या सहसा चालतात. एम३ आणि झोर्कीचा पडदा कापडी, उन्हाने जळून भोक पडू शकतं; घेण्याआधी तो उजेडासमोर धरून बघाच.