उंच केलेली प्लायमाउथ डस्टर: वाळवंटातल्या वापरानंतरचा अनुभव

गाडीचा फोटो पाहिला की लोक आधी इंजिनाचं विचारतात, मग उंचीचं. अ‍ॅरिझोनाच्या कच्च्या रस्त्यांवर १९७३ची प्लायमाउथ डस्टर बरेच महिने पिदाडल्यावर माझं मत असं झालंय, की या दोन्ही गोष्टींचा नंबर शेवटी लागतो. खरी साथ दिली ती टायरने, मागच्या डिफरन्शियलने (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी) आणि पोटाखाली लावलेल्या जाड पत्र्याने.

आधी गाडीची ओळख. डस्टर १९७० साली आली. दोन दारं, १०८ इंचाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), सस्पेन्शनला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवर. यातली खरी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची वेगवान गाडी, ती ३४० घनइंची इंजिनवाली. माझी साधी ३१८, म्हणजे ५.२ लिटरची व्ही-८, ऑटोमॅटिक. ही निवड मुद्दाम केली. अस्सल ३४०वर ग्राइंडर चालवणाऱ्याशी मी बोलणारही नाही, पण ३१८च्या मागे संग्राहक फारसे लागत नाहीत. आणि १९७३च का? त्या वर्षापासून क्रायस्लरने इलेक्ट्रॉनिक इग्निशन सर्रास दिलं आणि डिस्क ब्रेकवाल्या डस्टरला साडेचार इंची बोल्ट सर्कल (चाकाचे बोल्ट ज्यावर बसतात ते वर्तुळ) आलं. त्यामुळे पुढच्या काळातल्या कितीतरी गाड्यांच्या रिम्स तिला बसतात.

अशी गाडी वाळवंटात नेणं हे काही आजचं खूळ नाही. तिहुआना ते ला पाझ ही मेक्सिकन १००० शर्यत १९६७ साली सुरू झाली, आणि १९७०च्या आसपास जेम्स गार्नर हा नट ओल्ड्समोबाइल ४४२ घेऊन मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पाच्या धुळीत उतरत होता. हल्ली २०१४ साली ओरेगनमध्ये सुरू झालेल्या गॅम्बलर ५०० या आडवाटांवरच्या गाडी-मोहिमेमुळे स्वस्तातल्या गाड्या उंच करायचं वेड पुन्हा वाढलंय. त्यात रानातला कचरा गोळा करून आणायचा असतो, हा भाग मला विशेष आवडतो.

आता उंची. टॉर्शन बार म्हणजे पिळली जाणारी लांब सळई. खालच्या आर्मवरचा बोल्ट आवळला की नाक वर येतं. फक्त पाना लागतो, त्यामुळे मोह होतोच. पण चाकाचा वर-खाली होण्याचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. वर जितकं कमावलं तितकं खालून गेलं. जास्त आवळलं तर साध्या खड्ड्यातही चाक खाली लोंबायला जागा उरत नाही, आर्म थांब्यावर आपटतो आणि ‘खण्ण’ असा आवाज थेट दातांत येतो. शिवाय कॅम्बर आणि टो (चाकांचा कल आणि दिशा) दोन्ही बिघडतात, म्हणजे दर वेळी अलाइनमेंट आलीच. मी इंचभरावर थांबलो आणि त्याबद्दल मला अजिबात हळहळ नाही.

काही जण के-फ्रेम (इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरणारी चौकट) आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. इंजिन के-फ्रेमवरच बसलेलं असतं, तेव्हा बॉडी वर गेली तरी ऑइल पॅन जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. त्यात टॉर्शन बारचं मागचं टोक बॉडीच्या आडव्या बीममध्ये अडकवलेलं असतं, म्हणजे बार तिरका होतो. एवढा खटाटोप करून हाती लागते ती फोटोतली उंची. जाड बारचंही तसंच. डांबरी रस्त्यावर वळणं घ्यायला ते उत्तम, पण दगडधोंड्यांत गाडी टणाटण उडते. बार काढलेच तर डावा-उजवा सांभाळा, त्यांच्यावर खूण असते आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत.

मागे पाटेवाल्याकडून पाट्यांना नव्याने कमान देऊन घेतली आणि एक पान वाढवलं. दोनेक इंच मिळाले. या गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले तर पाच इंच सहज मिळतात, पण पुढचं नाक तेवढं उचलता येत नाही आणि गाडी कायम उतारावर उभी असल्यासारखी दिसते.

पैसा खरा वसूल झाला टायरमध्ये. २३५/७५ आर १५, म्हणजे सुमारे २९ इंच व्यास. मूळचे २६च्या आसपास होते. डिफरन्शियल जमिनीपासून दीड इंच वर गेलं, आणि हे काम बॉडी उंच करणारा कुठलाही लिफ्ट करू शकत नाही, कारण अ‍ॅक्सल चाकांवरच बसलेला असतो. त्यासाठी चाकांवरच्या चारही आर्च (कमानी) कापाव्या लागल्या. स्टीअरिंग पूर्ण वळवून, टेप लावून, खुणा करून मगच ग्राइंडर हातात घ्या.

मोठ्या टायरने गिअरिंग आणखी लांब होतं, आणि मूळचा मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो हायवेसाठी, तीनच्याही खालचा. म्हणून मागे फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल घातला. १९९५पासूनच्या या अ‍ॅक्सलला डिस्क ब्रेक मिळतात आणि बोल्ट पॅटर्न तोच. रुंदीत इंच-दोन इंचांचा फरक कापलेल्या आर्चमध्ये खपून जातो. पाट्यांच्या बैठका मात्र नव्याने वेल्ड कराव्या लागतात. माझा ३.७३ रेशोचा, लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय) असलेला निघाला. प्लायमाउथच्या पोटात फोर्ड पाहून जुने मोपारवाले, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्यांचे भक्त, नाक मुरडतात, मुरडोत. पुढची चाकं ओढत नसलेल्या गाडीत वाळूतून बाहेर काढतं ते हे लिमिटेड स्लिपच. टायरमधली हवा अठरा पौंडांवर आणली की कोरड्या ओढ्यांच्या वाळूत गाडी आरामात चालते. पाणी असलेल्या ओढ्यात मात्र मी जात नाही. पावसाळ्यात बॅरिकेड ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करणारा कायदा या राज्यात आहे आणि लोक त्याला सरळ ‘स्टुपिड मोटरिस्ट लॉ’ म्हणतात.

अ‍ॅरिझोनातल्या क्राउन किंग गावाचा रस्ता हा या गाडीचा खरा परीक्षक. जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाणारा, चढ सौम्य, पण पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा. चढापेक्षा ही थरथरच गाडीला जास्त खाते. मागच्या काचेचं रबर सुटलं, डॅशबोर्डचे स्क्रू गळाले, धूळ डिकीतून आत शिरली. बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा करंट मर्यादित ठेवणारा भाग) या गाड्यांचा जुनाच दुखणेकरी. तो गेला की इंजिन सुरू होतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं. ग्लोव्हबॉक्समध्ये दोन सुटे ठेवा. अ‍ॅमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) वायरी मी आधीच बायपास केल्या, कारण गाडीचा सगळा करंट त्या जुन्या जोडांतून जातो आणि ते तापतात.

बॉडी पिळते, हे एक चाक हवेत गेल्यावर दार उघडून पाहा म्हणजे कळेल. पुढची-मागची सबफ्रेम जोडणाऱ्या लोखंडी पेट्या वेल्ड केल्यावर दारं पुन्हा नीट लागू लागली. हे काम उंची वाढवण्याच्या आधी करा.

कार्ब्युरेटरने उन्हाळ्यात छळलं. ४३-४४ अंशांत कमी वेगाने चढताना पेट्रोल उकळायचं, तिरक्या उतारावर त्यातला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट गोंधळायचा. कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवल्यापासून हा त्रास संपला. अ‍ॅव्हरेज मात्र सुधारलं नाही. गॅलनला अकरा मैल, आपल्या हिशेबात लिटरला पावणेपाच किलोमीटर. हा आकडा मी सांगलीला घरी कळवत नाही. आई इकडे आली होती तेव्हा तिचा आक्षेप वेगळाच होता: “एवढी धूड गाडी, आणि दारं दोनच?”

भाच्याने विचारलं, “मामा, तिकडची आयडिया पुण्यात जमेल का?” नाही जमणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता मूळ रचनेत असा बदल चालत नाही. प्लायमाउथ हे नाव मात्र आपल्याला परकं नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज-प्लायमाउथ गाड्या जुळवल्या होत्या. त्यातली एखादी कुणाच्या गॅरेजात उभी असेल तर तिला आहे त्याच उंचीवर राहू द्या.

एक काम अजून राहिलंय. मागचा भाग वर गेल्याने प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला आणि ताशी साठ मैलांच्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कोन जुळवायचा आहे. पाटेवाल्याने पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे, तोवर फ्रीवेवर उजवी लेन आणि पंचावन्नचा वेग.