विंडोज ११ : सहा संगणकांच्या कार्यालयातून

आमच्या कार्यालयात सहा संगणक आहेत. त्यांपैकी चार विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेले, एक नवा घ्यावा लागला आणि एक आम्ही जाणूनबुजून जुन्याच प्रणालीवर ठेवला आहे. छोट्या व्यवसायाने नवी प्रणाली घ्यावी का, याचे माझे उत्तर ‘हो, घ्यावी’ असेच आहे. परंतु हा निर्णय संगणकाकडे पाहून घेण्याऐवजी त्याला जोडलेल्या वस्तूंकडे पाहून घ्यावा, हे आम्ही थोडे उशिरा शिकलो, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्या तारखेनंतरही संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, बिले निघतात, हिशेब लागतो, आणि म्हणूनच अनेकांना घाई करण्याचे कारण दिसत नाही. मात्र मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारे अपडेट मार्च महिन्यातच उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते टाकले नव्हते किंवा ज्यांच्या प्रणालीसाठी ते निघालेच नव्हते, त्यांचे संगणक त्याच्या तावडीत सापडले. चांगला अँटिव्हायरस असला तरी प्रणालीतली फट तो बुजवू शकत नाही, आणि ज्या संगणकावर ग्राहकांची नावे, येणी-देणी आणि बँकेचे व्यवहार आहेत तो अशा स्थितीत इंटरनेटवर ठेवणे मला मान्य नाही.

पैसे भरून जुन्या प्रणालीची मुदत वाढवता येते. व्यवसायांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे, तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. म्हणजे तिन्ही वर्षे घेतली तर एका संगणकामागे ४२७ डॉलर होतात. दुसऱ्या वर्षी सामील झाल्यास पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. एखाद्या संगणकाला वर्षभर सांभाळून घ्यायचे असेल तर हा खर्च समजण्याजोगा आहे, पण तीन वर्षांचा हिशेब मांडला की तीच रक्कम नव्या यंत्राकडे वळवणे शहाणपणाचे वाटते.

आता प्रत्यक्ष बदलाकडे वळतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्यताप्राप्त यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. आमच्या दोन संगणकांना ‘पीसी हेल्थ चेक’ या मायक्रोसॉफ्टच्या पात्रता तपासणाऱ्या प्रोग्रामने आधी अपात्र ठरवले होते, पण टीपीएम त्यांच्यात होते आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ते फक्त बंद ठेवलेले होते. ते सुरू करताच दोन्ही पात्र ठरले. त्यामुळे संगणक निकामी ठरवण्यापूर्वी हे एकदा पाहावेच; मात्र डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे तिच्यावरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. प्रोसेसरच जुना असेल तर अट चुकवून प्रणाली बसवण्याचे मार्ग सुचवले जातात, पण अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या कारणासाठी प्रणाली बदलायची तेच हातचे जाते. आम्ही पाचवा संगणक नवा घेतला तो याच विचाराने.

बदल स्वतः सोपा आहे. अधिकृत विंडोज १० असेल तर तो विनामूल्य होतो, फाइली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात, आणि पटले नाही तर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. या दहा दिवसांचा उपयोग करून घ्यायचा असेल तर एकच संगणक आधी बदलावा आणि त्यावर बिले, पत्रव्यवहार, छपाई, बॅकअप असे रोजचे प्रत्येक काम करून पाहावे. महिनाअखेरीस किंवा विवरणपत्रे भरण्याच्या दिवसांत हे काम मुळीच काढू नये.

आम्हाला अडचण आली ती सामायिक फोल्डरची. सर्वांचा हिशेब एका जुन्या नेटवर्क डिस्कवर असतो आणि ती पासवर्डशिवाय उघडत असे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातल्या) आवृत्तीपासून असा पाहुणा प्रवेश मुळातच बंद असतो, शिवाय जोडणीवर सुरक्षा स्वाक्षरीही मागितली जाते. सकाळी कार्यालय उघडले तेव्हा पहिल्या संगणकावर फोल्डरऐवजी परवानगी नाकारल्याचा संदेश दिसत होता. एक सेटिंग बदलून जुनी मोकळीक परत आणता आली असती आणि ओळखीच्या तंत्रज्ञाने तेच सुचवले. आम्ही ते केले नाही. डिस्कवर प्रत्येकासाठी वेगळे नाव आणि पासवर्ड तयार केले, तिचे स्वतःचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, आणि यात अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसात लक्षात आले की इतकी वर्षे कार्यालयात येऊन तार जोडणारा कोणीही आमच्या वह्या वाचू शकला असता. मला ही अडचण या प्रणालीच्या जमेच्या बाजूला मांडावीशी वाटते.

सहाव्या संगणकाची गोष्ट वेगळी आहे. त्याला मालाची लेबले छापणारा जुना प्रिंटर जोडलेला आहे, त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर विंडोजवर चालवणारा छोटा प्रोग्राम) जुन्या ३२ बिट प्रकारचा आहे आणि उत्पादकाने पुढे नवा काढलाच नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे तो ड्रायव्हर तिथे चालण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही त्या संगणकाची नेटवर्कची तार काढली, वायफाय बंद केले आणि लेबलांची यादी नेण्यासाठी एक पेनड्राइव्ह राखून ठेवला, जो प्रत्येक वेळी नव्या संगणकावर तपासल्यावरच तिकडे लागतो. जुना तराजू, बारकोड वाचक, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अशा प्रत्येक वस्तूचे नाव कागदावर लिहून तिच्या उत्पादकाकडे विंडोज ११ साठी ६४ बिट ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारावे.

वेगाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ४ जीबी रॅमवर ही प्रणाली सुरू होते, पण काम करवत नाही. ८ जीबी आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असल्याशिवाय हात घालू नये. आमच्या एका संगणकात फिरती हार्ड डिस्क होती. ती बदलून एसएसडी टाकल्यावर जो फरक पडला तो प्रणाली बदलल्याने पडलेल्या फरकापेक्षा मोठा होता.

दिसण्यातले बदल किरकोळ आहेत, तरी जो माणूस रोज आठ तास त्यावर बसतो त्याच्यासाठी ते किरकोळ नसतात. आमच्या हिशेब पाहणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी टास्कबारवरची मधोमध असलेली चिन्हे डावीकडे सरकवून घेतली. उजव्या क्लिकवर येणाऱ्या यादीत कट आणि कॉपीच्या जागी नुसती चिन्हे आली होती, त्यावर त्यांचा हात काही दिवस अडखळत राहिला. २४एच२ मध्ये त्या चिन्हांना नावे जोडली गेली तेव्हा हा प्रश्न सुटला.

व्यवसायासाठी होमऐवजी प्रो आवृत्ती घ्यावी असे मी सुचवेन, कारण बिटलॉकरचे पूर्ण नियंत्रण, दुरून त्या संगणकावर काम करण्याची सोय आणि अपडेट्स ठरावीक काळ पुढे ढकलण्याचे धोरण त्यात मिळते. प्रत्येक वार्षिक आवृत्तीला या दोन्ही प्रकारांत २४ महिनेच अपडेट्स मिळतात, हेही ध्यानात ठेवावे. एकदा ११ वर आलो की काम संपले असे नाही. लेबल प्रिंटरसाठी आम्ही पुढच्या आर्थिक वर्षात तरतूद केली आहे, आणि तो आला की सहावा संगणकही पुन्हा तारेला जोडला जाईल.