अंगणातल्या डेकला लाकूड कोणतं? सागवान, साल, बाभूळ, ईपे, माझा अनुभव

नांदेडला घरामागं 10 बाय 12 चा लाकडी डेक (फळ्यांचा ओटा) करून तीन उन्हाळे आन तीन पावसाळे झाले, म्हणून आता लिहितोय, कारण नवीन असताना कोणतंही लाकूड भारीच दिसतं. आपल्याकडं मे मध्ये पारा 42-43 वर जातो, हवा एकदम कोरडी, आन मग जूनात पाऊस. लाकूड आधी आकसतं मग फुगतं, त्यात खालून वाळवी. इथं टिकलं ते खरं.

अर्ध्या डेकला नवीन सागवान घेतलं होतं, दुकानदार सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, चंद्रपूरकडचं म्हणला, पॉलिश मारलेल्या फळ्या होत्या म्हणून मलाही काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तीन फळ्यांच्या कडा मऊ पडल्या, पेचकस टोचला तर लोण्यासारखा आत गेला. तो सगळा बाहेरचा पांढरा भाग होता, त्याला ना वाळवीची ताकद ना पाण्याची. सागवानाचं जे नाव आहे ते गाभ्याचं आहे हो, तेल असतं ते गाभ्यात. त्यामुळं पॉलिश न केलेली फळी मागा आन कापलेलं टोक बघूनच पैसे द्या.

उरलेल्या अर्ध्याला गावाकडच्या पडलेल्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) जुन्या सागवानी तुळया वापरल्या. सॉ मिलवाला आधी नको म्हणत होता, जुने खिळे लागून पातं जातं म्हणून, मग आम्ही दोन दिवस बसून एकेक खिळा उपसला. रंधा मारला तसा आतून सोनेरी तपकिरी गाभा निघाला, हात फिरवला तर मेण लावल्यासारखा गुळगुळीत, आन वास तर जुन्या चामड्यासारखा. वरून उन्हानं राखाडी झालंय पण ते सडणं नाही, नुसता वरचा रंग उडतो. एकही फळी वाकडी झाली नाही, इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता काय हलणार.

बाभूळ पायरीला लावली, शेतातलीच. चिवट आहे, उगाच नाही बैलगाडीच्या चाकाला वापरायचे, पण पाण्यात न मुरवता तशीच कापली त्यामुळं भुंगा लागला आन उन्हानं लांब भेगा पडल्या. साधे लोखंडी खिळे मारले होते, एका पावसात प्रत्येक खिळ्याभोवती काळं गोल वर्तुळ, बाभळीतल्या टॅनिनमुळं, म्हणजे तिच्यातल्या तुरट द्रव्यामुळं. स्टेनलेस स्क्रूच घ्या, सागवानाला पण. साल म्हणजे सालवृक्षाचं लाकूड खालच्या सांगाड्याला घातलं, सावलीत आहे तर मजबूत आहे, पण उरलेला एक तुकडा उन्हात ठेवला होता तो महिन्यात चिरला, म्हणून वर साल नको.

ईपे पुण्याला मेव्हण्याच्या गच्चीवर पाहिलं, ब्राझीलकडून येतं. सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरतं आन हे 1,000 च्या पुढं, पाण्यात टाकलं तर बुडतं. टिकाऊपणात त्याला तोड नाही, मानतो. पण आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही, किंमत आपल्या आवाक्याबाहेर, आन इतकं दाट लाकूड दुपारी फार तापतं. आई अनवाणी फिरते त्यामुळं मला ते चाललंच नसतं.

आन हो, फळ्यांमध्ये 5-6 मिलीमीटर फट ठेवा, आम्ही एका ओळीत विसरलो तिथंच पाणी साचतंय. मऊ पडलेल्या तीन फळ्या काढल्यात, त्या जागी माळवदाचंच लाकूड बसवणार, दोन तुळया अजून गावाकडं झाकून ठेवल्यात.