स्वस्तातला कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर घरच्या कामांना पुरतो का? सांगलीतल्या घरात काही महिने वापरून

पुरतो, आणि चांगला पुरतो. फक्त त्याचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे आधी ठरवून घ्यायला हवं. माझं मत थोडक्यात असं: गच्च बसलेला स्क्रू पहिल्यांदा हलवायचा तो हातानं, शेवटचा आवळ द्यायचा तोही हातानं, आणि मधले सगळे फेरे मशीननं मारायचे. असं वापरलं तर दीड हजाराच्या आतलं मशीनही घरात वरचेवर कामाला येतं. सगळं त्याच्यावरच सोपवलं तर ते लवकरच माळ्यावर जाईल.

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं, जुनं. अर्धं सामान सासऱ्यांच्या काळातलं सागवानी, अर्धं अलीकडचं प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डाचं. त्यामुळे मशीनची दोन्हीकडून परीक्षा घरातच झाली.

मशीन पिस्तुलाच्या आकाराचं आहे. ३.६ व्होल्ट, आत १५०० एमएएचचा एकच लिथियम सेल, खोक्यावर लिहिलेला टॉर्क (पिळाचा जोर) ४ न्यूटन-मीटर, वेग मिनिटाला २०० फेरे. क्लच, म्हणजे ठरलेल्या पिळाला आपोआप सुटायची सोय, नाही, वेग कमी-जास्त होत नाही. बटण दाबलं की फिरतं, सोडलं की थांबतं. ४ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला चार किलो वजन टांगल्यावर बसतो तेवढा पीळ. जाड मुठीचा चांगला स्क्रू ड्रायव्हर असेल तर धडधाकट माणूस हातानं जवळपास एवढा पीळ देतोच. सुताराकडचा १२ व्होल्टचा ड्रिल-ड्रायव्हर २५-३० न्यूटन-मीटरच्या घरातला असतो. एवढं समजून घेतलं की या मशीनबद्दलच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

खरा फायदा फेऱ्यांचा. ३० मिलिमीटरचा लाकडी स्क्रू पूर्ण बाहेर यायला साधारण सतरा फेरे लागतात. मशीनला पाच सेकंद. हातानं एका वळणात अर्धाच फेरा होतो, म्हणजे एका स्क्रूला पस्तीसेक वेळा मनगट फिरवायचं. चार इंची बिजागरीला आठ स्क्रू, तीन बिजागऱ्यांच्या दाराला चोवीस. दार उतरवायचं म्हणजे आठशेच्या वर वळणं, आणि परत बसवताना तेवढीच. ज्यानं एकदा हे हातानं केलंय त्याला मशीनची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आमच्याकडे या गोष्टीला पावसाळ्यात फारच महत्त्व येतं. कोयना धरणातून विसर्ग वाढला की सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की नदीकाठचे लोक आवराआवर सुरू करतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी, तोवर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात पाणी शिरलेलं असतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून कुणी धोका पत्करत नाही. अशा वेळी पलंग, कपाटाची दारं, किचनच्या ट्रॉल्या सोडवून वर न्यायच्या असतात आणि पाणी वाढलं की सुरक्षेसाठी वीज बंद करतात. यंदाच्या पावसाळ्यात पाणी आमच्यापर्यंत आलं नाही, पण खालच्या मजल्यावरचं सामान आम्ही आधीच वर हलवलं. बॉक्सच्या पलंगाचे षटकोनी खाचेचे बोल्ट मशीनसोबतच्या एलन बिटनं (बिट म्हणजे मशीनच्या तोंडात बसणारं सुटं टोक) निघाले. ट्रॉल्यांच्या घसरपट्ट्या सोडवताना तर मशीनच्या तोंडाशी असलेला छोटा दिवा फार उपयोगी पडला, कारण ते स्क्रू कपाटाच्या आत, अंधारात, मागच्या बाजूला असतात. शेजारच्या काकूंचा पलंगही त्याच संध्याकाळी सोडवून दिला. एका चार्जवर हे सगळं झालं.

पार्टिकल बोर्डाबद्दल मात्र सावध करते. तो आधीच भुसभुशीत, त्यात दोन-तीनदा स्क्रू काढून घातला की भोकातले आटे जातात आणि क्लच नसलेलं मशीन ते क्षणात संपवतं. परत बसवताना आधी स्क्रू हातानं उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा फिरवायचा आणि नंतरच मशीन लावायचं. भोक मोठं झालंच असेल तर काडेपेटीची काडी फेविकॉलमध्ये बुडवून आत ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची. त्यावर स्क्रू छान पकडतो.

आता सागवान. सासऱ्यांच्या कपाटाला पितळी बिजागऱ्या आहेत आणि त्यांचे स्क्रू एका खाचेचे, चपटे. त्या खाचेत बिट स्वतःहून मधोमध राहतच नाही. मशीन सुरू केलं की बिट कडेला सरकतं आणि बिजागरीवर ओरखडा ओढतं. शिवाय कित्येक वर्षांची धूळ आणि पॉलिश खाचेत भरलेलं. मी आधी टोच्यानं खाच कोरून साफ केली. मग मशीन बंदच ठेवून, बिट खाचेत बसवून, तळहातानं मागून दाबून अख्खं मशीन हातानं पिळलं. बहुतेक मशीनमध्ये फिरकी आपोआप लॉक होते, त्यामुळे बंद मशीन साध्या पेचकसासारखं वापरता येतं. अर्धा फेरा गेला, कर्रर्र असा कोरडा आवाज झाला, खाचेशी पिवळी चमकती पूड दिसली आणि स्क्रू मोकळा झाला. त्यानंतर मात्र एका हातानं बिट धरून मशीननं काढला. दोन स्क्रू हातानंही हलले नाहीत. त्यांच्यासाठी मिस्त्रींना बोलवावं लागलं. त्यांनी मशीन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, काढायला चांगलंय हे. पण सागवानात नवीन स्क्रू घालायचा तर आधी गिरमिटानं भोक पाडा. न्हाईतर मशीन अडतंय आणि पितळेचा स्क्रू असला तर मान तुटती त्याची.” तसंच आहे. भोक पाडून, स्क्रूच्या आट्यांना साबण चोळून घातला तर दीड इंची स्क्रूही हे मशीन सागवानात जवळपास पूर्ण नेतं. भोक न पाडता अर्ध्यात अडतं. मोटर कण्हायला लागली की बटण लगेच सोडायचं. तसंच दाबून धरलं तर मोटर आणि सेल दोन्ही तापतात.

भिंतीला भोक पाडायची आशा कुणी धरू नये. ते हॅमर ड्रिलचं काम. भोक आणि प्लास्टिकचा प्लग तयार असेल तर पडद्याचे ब्रॅकेट, आरसा, किल्ल्यांचा स्टँड हे सगळं याच्यानं होतं.

बिटांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मशीनपेक्षा मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. सोबत चाळीसेक बिटांचा डबा मिळतो, पण पोलाद मऊ. रोज लागणारं बिट म्हणजे पीएच२, साधं फुलीचं. सोबतच्या पीएच२ ची टोकं थोड्याच दिवसांत गोल झाली आणि गोल झालेलं बिट स्क्रूचं डोकंही खराब करतं, म्हणजे नुकसान दुप्पट. एस२ या कडक पोलादाची दोन सुटी बिटं घेतली आणि घसरणं जवळजवळ थांबलं. दुसरी गोष्ट, रेडिमेड फर्निचरच्या काही स्क्रूंवर मोठ्या फुलीच्या मधे तिरप्या बारीक रेघा दिसतात. ते पीझेडचे. त्यांना पीझेड२ च लावायचं. पीएच२ त्यात बसल्यासारखं वाटतं, पण जोर आला की उसळतं.

विजेच्या कामाला हे मशीन मी फक्त बोर्डाची पट्टी काढण्या-बसवण्यापुरतं वापरते, तेही मेन स्विच बंद करून आणि टेस्टरनं पाहून. बिट आणि पुढचा भाग उघड्या धातूचा आहे, त्यावर विजेपासून संरक्षण काही नाही. आतले वायरचे पितळी स्क्रू हातानंच. प्लास्टिकची पट्टी, खेळण्यांची बॅटरीची झाकणं, मिक्सरचा तळ इथेही शेवटचे दोन फेरे हातानं द्यायचे, नाहीतर प्लास्टिक तडकतं. अशीच कामं तुमच्याकडे जास्त असतील तर थोडे पैसे घालून क्लचचं मशीन घ्या. ठरलेल्या पिळाला ते स्वतःच सुटतं.

बॅटरी माझ्या वापराला भरपूर पुरते. हिशोबानं पाहिलं तर साडेपाच वॉट-तासांच्या आत, म्हणजे ५००० एमएएचच्या मोबाइलच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण घरातली कामं मिनिटा-दोन मिनिटांची असतात. संपताना ती हळूहळू मंद होत नाही, थोडी मंदावते आणि एकदम थांबते, म्हणून मोठं काम काढण्याआधी चार्ज करून ठेवावं. चार्जिंग टाइप-सी आहे, मात्र नव्या मोबाइलच्या दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं होत नाही. एका बाजूला जुनं यूएसबी असलेलीच केबल लागते. मशीन खराब आहे असं समजून कुणी परत करायची घाई करू नका, बऱ्याच स्वस्त उपकरणांत हेच असतं. पॉवर बँकवर चार्ज होतं, हे पावसाळ्यात मोलाचं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हानं लिथियम सेलचं आयुष्य घटतं. महिनोन् महिने पूर्ण उतरलेलंही ठेवू नका.

घरात याचा सगळ्यात जास्त वापर सासूबाई करतात, हे मला आधी वाटलं नव्हतं. संधिवातामुळे त्यांना पेचकस पिळता येत नाही. कुकरचं हँडल, कपाटाच्या मुठी, शिलाई मशीनच्या पाट्याचे स्क्रू असं काही ढिलं झालं की पूर्वी कुणीतरी घरी यायची वाट पाहायच्या. आता स्वतः आवळतात. कुकरच्या हँडलला शेवटचा आवळ मात्र मी देते, ते बेकलाइटचं, म्हणजे ठिसूळ प्लास्टिकचं आहे.

घ्यायचं असेल तर शक्यतो गणपती पेठेत किंवा हरभट रोडला दुकानात हातात घेऊन बघा. मशीन बंद ठेवा, बिट एखाद्या स्क्रूत बसवा आणि हातानं दोन्ही बाजूंना जोरात पिळा. आतली फिरकी निसटली किंवा बिट डगमगलं, तर ते तिथेच ठेवून दुसरं मागा.