ब्रिटिश सिटिझनशिपची अर्ज सेवा: पाचपैकी तीन स्टार, पण अटी वाचून घ्या

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. ऑनलाइन फॉर्म सरळ आहे, अर्धा भरून सेव्ह करता येतो, कागदपत्रं स्कॅन करून चढवायची, बायोमेट्रिकला एकदा जायचं, की झालं. सहा महिन्यांत निर्णय देतो म्हणतात, माझा त्याच्या आधीच आला. तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी चकरा मारलेल्या माणसाला हे म्हणजे चैनच. डोकं खाते ती फक्त प्रवासाची यादी, गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परत आलात ते सगळं लिहायचं, मग बसा जुन्या तिकिटांच्या मेल उकरत.

पैसे मात्र सणसणीत, साधारण १,७०० पौंड, आणि अर्ज नाकारला तर समारंभाची किरकोळ रक्कम सोडून बाकी सगळं बुडीत खाती. वर 'लाइफ इन द यूके' परीक्षेचे ५० पौंड वेगळे. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर यायला हवेत. प्रश्न सोपे असतात, पण आत सोडताना खिसे उलटे करायला लावतात, बाह्या वर, कानात काही आहे का बघतात, आपल्याकडे कॉपी पकडायला आलेल्या भरारी पथकाने इतकं कधी केलं नसेल.

आता मुद्द्याचं. फॉर्ममध्ये चारित्र्याचा भाग येतो, तिथे एकामागून एक प्रश्न असतात की तुम्ही दहशतवादी कृत्यात कधी सामील होतात का, त्याला पाठिंबा दिलात का, त्याचं समर्थन होईल असं काही बोललात का. आपण नाही, नाही, नाही करत खाली जातो. तिथे मी जरा थांबलो आणि विचार केला की 'नाही' म्हणून सिटिझनशिप घेतली आणि उद्या सरकारला वाटलं की 'हो' आहे, तर काय? मग कायदा काढून वाचला, आणि दोन स्टार तिथेच कापले.

१९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टचं कलम ४०. गृहमंत्र्यांची खात्री पटली की अमक्याचं नागरिकत्व काढणं 'सार्वजनिक हिताचं' आहे, तर ते काढू शकतात. आधी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. हे इतके ढगळ शब्द २००६ मध्ये आले, म्हणजे ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर, त्याआधी भाषा बरीच कडक होती. एकच कुंपण आहे, माणूस कुठल्याच देशाचा राहणार नाही अशा प्रकारे काढायचं नाही. २०१७ या एका वर्षात या आधाराखाली १०४ जणांचं नागरिकत्व गेलं.

सगळ्यांना माहीत असलेली केस शमीमा बेगमची. पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनची मुलगी, २०१५ मध्ये पंधराव्या वर्षी दोन मैत्रिणींबरोबर तुर्कस्तानमार्गे सीरियात आयसिसकडे गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत ती निर्वासित छावणीत सापडली आणि काही दिवसांतच तेव्हाचे गृहमंत्री साजिद जाविद यांनी तिचं नागरिकत्व काढलं. आधार काय, तर आईवडिलांमुळे ती बांगलादेशची नागरिक ठरते. बांगलादेश म्हणाला आमचा काही संबंध नाही. ती जन्मली ब्रिटनमध्ये, वाढली ब्रिटनमध्ये, बिघडलीही ब्रिटनमध्येच, पण कागदावर ती ढाक्याच्या गळ्यात. तिचं तिसरं बाळ मार्चमध्ये सीरियातच गेलं, आधीची दोनही तिथेच गेली होती. २०२३ मध्ये अशा निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या विशेष आयोगाने म्हटलं की तिला लैंगिक शोषणासाठी फूस लावून नेलं असावं असा सबळ संशय आहे, आणि तरी निर्णय कायदेशीरच ठरवला. २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तेच केलं.

हा विशेष आयोगही अजबच. पुराव्याचा गुप्त भाग आरोप असलेल्याला दाखवतच नाहीत. त्याच्या बाजूने एक खास वकील तो बघतो, पण एकदा बघितला की त्याबद्दल अशिलाशी परवानगीशिवाय बोलायचं नाही. आता बोला! आपल्यावर नक्की काय ठपका आहे हेच माहीत नाही तर उत्तर काय देणार, डोंबल?

गैरसमज नको, आयसिसबद्दल मला तसूभरही सहानुभूती नाही. मुंबईत लोकलमधले स्फोट, २६/११, हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना कोणी मानवाधिकाराचे डोस पाजायला नकोत. म्हणून तर म्हणतो की आणा परत, खटला चालवा, सिद्ध झालं तर टाका आत वीस-वीस वर्षं. पासपोर्ट काढून घेतल्याने माणूस कमी घातक होत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगणात ढकलला जातो. जॅक लेट्सचं बघा, ऑक्सफर्डचा मुलगा, तोही आयसिसच्या ताब्यातल्या भागात गेलेला, वडील कॅनेडियन म्हणून त्याच्याकडे तेही नागरिकत्व. २०१९ मध्ये ब्रिटनने आपलं काढून घेतलं आणि तो आपसूक कॅनडाच्या गळ्यात पडला. जो आधी कात्री चालवेल तो सुटला, हा काय न्याय झाला? खुद्द कॅनडाने असाच कायदा २०१४ मध्ये केला होता आणि २०१७ मध्ये मागे घेतला.

आता आपल्या लोकांचं. गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या पंगतीत हा विषय निघाला तेव्हा एक काका म्हणाले, "अरे, हे पाकिस्तान-बांगलादेशवाल्यांसाठी आहे, आपल्याला काय!" अर्धं खरं आहे. त्या देशांत दुहेरी नागरिकत्व चालतं म्हणून त्यांचं ब्रिटिश काढणं सोपं जातं. आपलं भारतीय नागरिकत्व ब्रिटिश घेतल्या क्षणी संपतं, पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. म्हणजे आपल्याकडे हे एकच, त्यामुळे ते कुंपण आपल्याला लागू. पण काका, २०१४ ची दुरुस्ती वाचा! अर्ज करून नागरिक झालेल्या माणसाने देशाच्या अत्यंत महत्त्वाच्या हिताला गंभीर बाधा आणली, आणि तो दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवू शकेल असं मानायला गृहमंत्र्यांना वाजवी कारण असलं, तर आज हातात दुसरा पासपोर्ट नसतानाही काढता येतं. आणि भारतीय कायद्यात ओसीआयवाल्याला ठरावीक वर्षांनी, भारतात राहून, परत नागरिकत्वासाठी अर्ज करायची सोय आहे. आता जोडा दोन्ही. ही दुरुस्ती इथे जन्मलेल्याला लागू नाही, फक्त माझ्यासारख्या फी भरून आलेल्याला. माझ्या इथे जन्मलेल्या मुलीचं नागरिकत्व माझ्यापेक्षा पक्कं, एकाच घरात दोन प्रतीचा माल.

भारताकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी, आपल्या १९५५ च्या कायद्याच्या कलम १० मध्येही हे आहे. अर्ज करून नागरिक झालेल्याचं राज्यघटनेशी बेइमानी केल्याबद्दल नागरिकत्व काढता येतं. जन्माने भारतीय असलेल्याला ते कलम लागत नाही.

समारंभ छान होता. गळ्यात साखळी घातलेले महापौर, राजाशी निष्ठेची शपथ, फोटो, बिस्किटं. या कलमाबद्दल तिथे कोणी चकार शब्द काढत नाही, आणि काढावा अशी अपेक्षाही नाही, पण परीक्षेला राजघराण्यांचा इतिहास पाठ करायला लावता तर त्यात हेही एक पान घाला की.

अर्ज करणार असाल तर एक कामाची गोष्ट. फॉर्ममध्ये काहीही लपवू नका, जुना दंड असो, कोर्टाची नोटीस असो, आधी नाकारलेला व्हिसा असो. फसवणूक करून नागरिकत्व घेतलं असं ठरलं तर ते वेगळ्या पोटकलमाखाली काढतात, आणि तिथे ते कुंपणसुद्धा नाही, कुठल्याच देशाचे न राहिलात तरी काढता येतं. पाच वर्षांच्या तारखा दोनदा तपासा, स्कॅन स्वच्छ करा, आणि भरलेल्या फॉर्मची पीडीएफ स्वतःकडे जपून ठेवा.